पुसलेला उजेड

मुलुंड (पूर्व),
८ जून २०२५

चि. गार्गी,

आशीर्वाद नेहमीचेच, पण या वेळी दोन जास्त घे. मंगळवारी तू माझ्याबरोबर हॉस्पिटलात आलीस आणि डॉक्टरांच्या खोलीत शेवटपर्यंत माझा हात धरून बसलीस. मधे जरा सोडला असतास तर मला पर्समधून रुमाल तरी काढता आला असता.

डॉक्टर काय म्हणाले ते शेजारच्या सुनंदाने घरी आल्यावर पुन्हा एकदा ओरडून सांगितलं. यकृतात गाठ आहे, वाईट आहे, पण एकाच जागी आहे. महिनाअखेरीला पोट उघडून ती काढून टाकायची. आता समोरच्या बिल्डिंगलाही माझी तब्येत पाठ झाली आहे.

फोन करू नकोस, माझ्या कानांनी कधीच राजीनामा दिला आहे. मोबाईलवरही लिहू नकोस. तिथे तुम्ही नुसते अंगठे पाठवता. पोस्टात मी नोकरीचं सगळं आयुष्य काढलं, पण कुणाच्या पाकिटातून अंगठा निघालेला पाहिला नाही. दोन कागद भरून लिही. जोगेश्वरीहून मुलुंडला पत्र यायला चार दिवस लागले तरी माझी हरकत नाही.

मला एक नीट समजावून सांग. त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या तू लिहून दाखवलंस, की तुमच्या लॅबमध्ये उंदरांच्या पोटातली अशीच गाठ काजव्यासारखी चमकते, आणि ते चमकणं बंद करणारं औषध तुम्ही तपासता आहात. मी मान हलवली, पण कळलं काहीच नाही. म्हातारीला कळेल असं लिही.

मला ऑपरेशनची भीती वगैरे नाही. उगाच विचारते आहे.

तुझी,
कुंदाआत्या


जोगेश्वरी (पूर्व),
१४ जून २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार, आणि हो, दोन कागद भरून लिहिते आहे. मोजून घे.

काजव्याला चमकवणारी जी गोष्ट असते ना, ती आम्ही गाठीच्या पेशींमध्ये घालून ठेवतो. मग त्या पेशी उंदराच्या यकृतात सोडतो. उंदीर मजेत खातो-पितो, वरून काही दिसत नाही. तपासायच्या दिवशी त्याला एक इंजेक्शन देतो. जिथे जिथे त्या पेशी जिवंत असतील तिथे तिथे आतल्या आत उजेड पडतो. लहानपणी तू दिवे गेले की बॅटरीवर तळहात धरायला लावायचीस आणि माझी बोटं लाल दिसायची, आठवतं? तसंच. मांसातून उजेड बाहेर येतो, पण थोडाच. बाकीचा रक्तच पिऊन टाकतं.

हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. उंदराला झोपवून काळ्या पेटीत ठेवायचं, दार लावायचं, आणि बर्फापेक्षा कितीतरी थंड ठेवलेला कॅमेरा त्याच्याकडे टक लावून बघत बसतो. मग कॉम्प्युटर त्या उजेडाला रंग देतो. जास्त असेल तिथे लाल, कमी तिथे निळा. फोटोभर बारीक ठिपक्यांचा कचराही येतो. तो मी साफ करते, म्हणजे अमुक एका पातळीखालचं काही दाखवूच नको असं मशीनला सांगते. मग चित्र झकास दिसतं.

आणि आता ऐक! औषध दिलेल्या उंदरांचे दिवे विझले. सगळ्यांचे! आमच्या शर्मिष्ठा मॅडम, ज्यांनी मला गेल्या दोन वर्षांत ‘ठीक आहे’च्या पुढे काही म्हटलेलं नाही, त्यांनी सगळ्यांना समोसे मागवले. माझ्या शेजारच्या टेबलावरचा यज्ञेश तर नाचलाच. खालच्या गाळ्यातले वर्कशॉपवाले वर बघायला आले. साकीनाक्याच्या त्या इमारतीत एवढा दंगा कधी झाला नसेल.

सोबत फोटो पाठवते. एकच उंदीर आहे, डावीकडे औषधाआधीचा आणि उजवीकडे नंतरचा. आत्या, तुझी गाठ याच जातीची आहे. कोण जाणे, पुढे कुणाला पोट उघडावंच लागणार नाही. मला वाटतं हे चित्र तू रोज बघावंस.

तुझी,
गार्गी


मुलुंड (पूर्व),
२३ जून २०२५

चि. गार्गी,

शाबास! तुझा फोटो जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. सुनंदा म्हणते, चहा पिताना उंदीर बघवत नाही. मी म्हटलं, मग खुर्ची फिरवून बस. दूधवाला, इस्त्रीवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांना दाखवून झाला. श्यामकांत असायला हवा होता. तुझ्या निकालाच्या आदल्या दिवशी तुझ्या बाबाला ताप भरायचा, आणि आज पोरीने ही मजल मारली.

आता मुख्य बातमी. शनिवारी डॉक्टरांकडे जाऊन मी ऑपरेशनची तारीख परत केली. त्यांना म्हटलं, माझ्या भाचीच्या लॅबमध्ये या गाठीवर औषध निघालं आहे, पोट फाडायची घाई कशाला? ते बरंच काही बोलले. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी कागदावर लिहूनही दिलं. तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला. गणपती होऊन जाऊ देत, मग बघू, असं सांगून आले.

तेव्हा आता तुझं औषध कुठवर आलं ते कळव. शर्मिष्ठाबाईंना माझा नमस्कार सांग. म्हणावं, उंदरांनंतर पहिला नंबर माझ्या आत्याचा लावा.

बऱ्याच दिवसांनी काल दुपारी शांत झोप लागली.

तुझी,
कुंदाआत्या


जोगेश्वरी (पूर्व),
५ जुलै २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र आत्ताच पुन्हा वाचलं. असं नको ना करूस गं. तारीख परत घे.

उंदीर आणि माणूस यांत फार अंतर आहे. उंदरावर चाललेलं औषध माणसापर्यंत यायला वर्षंच्या वर्षं लागतात आणि पुष्कळशी मधेच गळतात. मी उत्साहाच्या भरात काहीबाही लिहून गेले. तू ते इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं. डॉक्टर सांगतात तेच बरोबर आहे. सुनंदाकाकूंनाही मेसेज केला आहे, की तिला समजवा. त्यांनी अंगठा पाठवला.

लॅबमध्ये काही गोष्टी पुन्हा तपासतो आहोत. त्याबद्दल भेटल्यावर बोलू. फोटो काचेखालून काढलास तरी चालेल.

ऑपरेशन कर, आत्या. प्लीज.

गार्गी


मुलुंड (पूर्व),
२९ जुलै २०२५

चि. गार्गी,

तुझ्या पत्राला उत्तर लिहिणार होते, तोवर परवा रविवारी तूच दारात उभी. म्हणून हे उत्तर उशिरा आणि दोन्हींचं मिळून.

आधी पत्राचं. वाचून मला हसूच आलं. तू पहिल्यापासून अशीच आहेस. दहावीला शाळेत पहिली आलीस तेव्हा ‘पेपर सोपे होते’ म्हणत तोंड लपवून फिरत होतीस. आता एवढं मोठं काम केलंस तर म्हणे फोटो काढून टाक. काढणार नाही. माणूस आणि उंदीर वेगळे, हे मलाही कळतं. पण महिना-दोन महिने थांबायला काय हरकत आहे?

आता रविवारचं. तुझ्यासाठी अळूचं फदफदं केलं होतं. ते तू ताटात नुसतं फिरवत बसलीस. दोनदा म्हणालीस, ‘आत्या, एक सांगायचंय.’ मी म्हटलं, मोठ्याने सांग. तर तू सुनंदाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि ‘वरण छान झालंय’ म्हणून ओरडलीस. वरण मी केलंच नव्हतं.

जाताना लिफ्टपाशी रडत होतीस. मला ऐकू येत नाही, पण दिसतं. यज्ञेशचं काही आहे का? असेल तर सरळ लिही. मुलगा कुठला, कोण, याची चौकशी मी करणार नाही. निदान पहिल्या पत्रात तरी नाही.

माझं बरं चाललं आहे. उजव्या कुशीत जरा जड वाटतं आणि जेवण कमी झालं आहे. वयच झालं आता.

तुझी,
कुंदाआत्या


जोगेश्वरी (पूर्व),
१० ऑगस्ट २०२५

आत्या,

यज्ञेशचं काही नाही. त्याचं लग्न ठरलं आहे, दुसऱ्याच मुलीशी, आणि मी त्या लग्नात पोटभर जेवणार आहे.

मी रविवारी तुला जे सांगायला आले होते ते मला ओरडता आलं नाही. सुनंदाकाकू समोर मटार सोलत बसल्या होत्या, दार उघडं होतं. असली गोष्ट जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात कशी सांगणार, असं मी स्वतःला समजावत घरी आले. पण तेही खरं नाही. टेबलावर तुझं पॅड होतं, पेन होतं. लिहून दाखवता आलं असतं. मी घाबरले, एवढंच खरं.

तुला पाठवलेला फोटो चुकीचा आहे. उंदीर बरे झालेले नव्हते.

तू तारीख परत केलीस हे मी वाचलं. तोवर मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं, की दिवा दिसत नाही म्हणजे गाठ नाही, हे मला कशावरून कळलं. त्याच दिवशी यज्ञेशला बरोबर घेऊन औषध दिलेले उंदीर उघडून बघितले. यकृत पुढून स्वच्छ होतं. उचलून मागे बघितलं तर पाठीच्या कण्याच्या बाजूला बारीक बारीक गाठी होत्या. जिवंत होत्या, आत्या. औषधाने पुढची मोठी गाठ मेली होती, पण मागच्या वाढतच होत्या.

मग मी कॉम्प्युटरवर जुनी चित्रं पुन्हा काढली. इतक्या खोलवरचा उजेड मांसातून आणि रक्तातून वर येईपर्यंत इतका कमी होतो, की तो आणि मशीनचा कचरा एकाच पातळीवर दिसतात. मी कचरा साफ करताना पातळी वर नेली होती. ती खाली आणली तर त्याच उंदराच्या पोटावर फिकट निळा डाग होता. तुझ्या काचेखाली जो आहे, त्याच फोटोत. तो उजेड पहिल्यापासून तिथे होता. चित्र छान दिसावं म्हणून मी तो पुसला आणि तुला पाठवला.

ही चूक झाली. अशी चूक कामात होते, ती पकडायचीही असते, आणि तिच्यासाठी मी तुझ्यासमोर मान खाली घातली असती. पण पाच जुलैचं पत्र मी हे सगळं कळल्यावर लिहिलं आहे. त्यात मी उंदीर-माणसाचं अंतर सांगितलं, डॉक्टरांचं नाव पुढे केलं, आणि हे लिहिलं नाही. मॅडमना दिल्लीला या कामावर भाषण द्यायचं होतं, त्या म्हणाल्या पुन्हा प्रयोग होईपर्यंत बाहेर बोलू नकोस. पण त्या तुझ्याबद्दल बोलत नव्हत्या. तू कुणी परकी नाहीस. तू इस्त्रीवाल्याला तो फोटो दाखवलास, आणि मला तुझ्या नजरेतून उतरायचं नव्हतं. तुझ्या पोटात गाठ असताना मी माझी अब्रू सांभाळत होते.

आणि आता तू लिहितेस की उजव्या कुशीत जड वाटतं.

आत्या, उद्याच डॉक्टरांकडे जा. गणपतीची वाट बघू नकोस. सुनंदाकाकूंना मी मेसेजमध्ये सगळं लिहिलं आहे. हे पत्र पोस्टाने चार दिवस घेईल, म्हणून तिकीट न लावता मी स्वतः येऊन दाराखालून सरकवते आहे. बेल वाजवली तरी तुला ऐकू येणार नाही. खरं सांगते, त्याचं मला बरं वाटतं आहे. आत येऊन तुझ्यासमोर बसायची हिंमत नाही.

मला माफ कर असं लिहायचा हक्क नाही, तरी लिहिते.

गार्गी


जोगेश्वरी (पूर्व),
२४ ऑगस्ट २०२५

आत्या,

पाकिटावर तुझं अक्षर बघून जीव भांड्यात पडला. उघडलं तर आत फक्त फोटो. एक ओळही नाही.

सुनंदाकाकूंकडून कळलं की नवीन स्कॅन झाला आहे आणि डॉक्टर बाहेरगावी आहेत, ते आले की दाखवायचा आहे. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. ‘कुंदानेच नको म्हटलंय’ एवढंच लिहिलं.

मी मॅडमना तुझ्याबद्दल सांगितलं. त्या आधी चिडल्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ते भाषण रद्द केलं. हे तू माझी पाठ थोपटावीस म्हणून लिहीत नाही. तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

रोज टपालपेटी बघते. तू शिव्या घातल्यास तरी चालतील, पण काहीतरी लिही.

गार्गी


मुलुंड (पूर्व),
७ सप्टेंबर २०२५

चि. गार्गी,

काल विसर्जन झालं. ढोल छातीत वाजले तेवढे मला कळले. आज घर शांत आहे, म्हणून लिहायला बसले.

मी रागावले आहे. तुझं ते दाराखालचं पत्र केराबरोबर गोळा झालं होतं, सुनंदाने बघितलं म्हणून वाचलं. वाचून झाल्यावर मी टेबलाची काच उचलायला गेले आणि ती माझ्या एकटीने उचलवेना. शेवटी आम्ही दोघींनी मिळून ती उचलली. तेव्हा तू समोर असतीस तर मी तुझ्या थोबाडीत मारली असती.

पंधरा दिवस मी पत्रं लिहून फाडली. एकात तुला सरळ माफ करून टाकलं होतं. ते वाचलं तर मलाच पटेना. सुनंदा म्हणते, या वयात आणि या दुखण्यात मनात काही ठेवू नये, पोरीला मोकळं कर. म्हणजे मी उद्या गेले तर तुला त्रास नको, म्हणून आज माफी द्यायची. असली माफी मला द्यायची नाही. राग जाईल तेव्हा जाईल. तो गेला की तुला कळवीन.

आता माझं ऐक. डॉक्टरांनी जूनमध्ये लिहून दिलेला कागद मी पर्समध्ये ठेवला होता, तो मी तेव्हाच वाचला होता. त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘उंदराचा फोटो म्हणजे औषध नाही. थांबणं धोक्याचं आहे.’ मला सगळं समजलं होतं. आमची आई, म्हणजे तुझी आजी, ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नाही, हे तुला माहीत नाही, श्यामकांतने तुला कधी सांगितलं नसेल. तेव्हा मी नववीत होते. मी तुला लिहिलं, भीती वगैरे नाही, ते साफ खोटं होतं. मला फक्त एक निमित्त हवं होतं. तुझा फोटो आला आणि मला ते मिळालं. तुझा नसता तर दुसरं काहीतरी शोधलं असतं.

पण म्हणून तू सुटलीस असं समजू नकोस. निमित्त मी शोधलं, पण ते तू माझ्या हातात दिलंस. आणि पाच जुलैच्या पत्रात एक खरी ओळ लिहिली असतीस, तर मी रडत-ओरडत का होईना, जुलैत त्या टेबलावर गेले असते. तुझ्या खऱ्यापुढे माझं निमित्त टिकलं नसतं.

डॉक्टर परत आले आहेत. पुढच्या सोमवारी, पंधरा तारखेला सकाळी बोलावलं आहे. सुनंदा येणार आहे, पण ती मला डॉक्टरांचं बोलणं गोड करून सांगते. वाईट असलं की तिचा आवाज बारीक होतो आणि मला तिच्या ओठांवरून काही कळत नाही. म्हणून तू ये. माझ्याशेजारी बसायचं आणि डॉक्टर जे बोलतील ते पॅडवर जसंच्या तसं लिहून मला दाखवायचं. एक शब्द गाळायचा नाही.

येताना डबा आणू नकोस. मला काही जात नाही.

कुंदाआत्या


सोमवार, १५ सप्टेंबर २०२५
(डॉक्टरांच्या टेबलाशी, आत्याच्या पॅडवर)

डॉक्टर म्हणतात, नवीन स्कॅन पाहिला. गाठ वाढली आहे. यकृताच्या मोठ्या रक्तवाहिनीला टेकली आहे.

तू विचारलंस, आता काढता येईल का. डॉक्टर म्हणतात, आज नाही. आज काढायला गेलो तर तुम्ही टेबलावरच दगावाल.

डॉक्टर म्हणतात, आधी औषधं देऊन ती लहान होते का बघू. झाली तर काढू.

तू विचारलंस, नाही झाली तर. डॉक्टर म्हणतात, मग औषधांवर जितकं पुढे नेता येईल तितकं नेऊ. लहान होईलच असं मी सांगू शकत नाही. निम्म्याहून जास्त वेळा होत नाही.

तू विचारलंस, जूनमध्ये केलं असतं तर.

सुनंदाकाकू म्हणतात, जाऊ दे ना ते आता. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणतात, हे त्यांना लिहून दाखवू नका, त्याचा आता काय उपयोग?

मी त्यांना म्हटलं, तुम्ही सांगा. मला लिहायचं आहे.

डॉक्टर म्हणतात, जूनमध्ये गाठ सुटी होती. सरळ काढता आली असती. बहुतेक त्या बऱ्या झाल्या असत्या.

आत्या, सगळं लिहिलं. काही गाळलं नाही.

(खाली आत्याच्या अक्षरात)

वाचलं. पेन खाली ठेवू नकोस. औषध कधी सुरू करायचं ते त्यांना विचार.